पेरूचं झाड शेजारच्यांचं

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संकेश्वरला चारशे पत्रिकांचा गठ्ठा पोचवून मी गाडीवरून बेळगावला परत येत होतो. पाऊस असा की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. यमकनमर्डी मागं पडली आणि गाडी डुलायला लागली. मागचं चाक बसलं होतं. ढकलत ढकलत सर्व्हिस रोडच्या कडेला एका पत्र्याच्या टपरीपाशी आलो. दोरीला टांगलेले जुने टायर, आत एकच पिवळा बल्ब आणि सोल्यूशनचा तो डोक्यात जाणारा वास. पंक्चरवाल्यानं चाक खोलायला घेतलं, मी रेनकोटच्या आत हात घातला तर खिशाचं तळं झालेलं. मोबाइल बाहेर काढला, तिरका धरला, तर चार्जिंगच्या भोकातून पाण्याची धार लागली. घरी आई एकटी होती. बायको माहेरी, चंदगडला गेलेली. आठपर्यंत येतो म्हणून सांगितलं होतं आणि टपरीतल्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते.

पंक्चरवाल्याकडं फोन मागितला. त्यानं ग्रीसचे हात पँटीला पुसले, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला अडकवलेला फोन काढला आणि लॉक उघडून माझ्या हातात दिला. आता नंबर कुठला लावायचा? मला पाठ असलेले नंबर दोन. एक घरचा जुना लँडलाइन, जो बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. ते सात आकडे अजून झोपेत विचारले तरी सांगेन. दुसरा आईचा, तोही तिच्या औषधाच्या डब्यावर, पिशवीवर, चष्म्याच्या घरावर मीच मार्करनं लिहून ठेवल्यामुळं. बायकोचा नंबर मला पाठ नाही, हे त्या टपरीत उभं राहून पहिल्यांदा कळलं.

पाच रिंग झाल्या. सहाव्याला उचलला. पण पलीकडून आवाज नाही.

ही गप्प बसायची विद्या माझीच. अनोळखी नंबर असला तर आपण पहिलं बोलायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं, असं मीच तिला दहादा सांगितलं होतं. धंद्यामुळं ती सवय मलाही लागलेली. त्यामुळं इकडं मी तिच्या ‘हलो’ची वाट बघतोय, तिकडं ती माझ्या, आणि मधे पत्र्यावरचा पाऊस. शेवटी मीच म्हटलं, “आई, मी बोलतोय.” तर उत्तर आलं, “यार्री?” कोण हो, असं कानडीत. मी म्हटलं, “अगं मी, मी!” त्यावर तिनं ठणकावून सांगितलं, “हिंदी बरंगिल्री.” हिंदी येत नाही. “अगं, मराठीत बोलतोय मी!” मग थोडा वेळ शांतता. आमच्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीला आलाय हे मला फोनमधून ऐकू येत होतं. “कोण मी?” तिनं मराठीत विचारलं, पण आवाज बँकेच्या खिडकीतून यावा तसा. मी नाव सांगितलं. “नाव कुणीबी सांगतंय. वडगावच्या घराच्या परड्यात झाड कशाचं होतं?”

मी म्हटलं, “पेरूचं.”

“पेरूचं शेजारच्यांचं,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

परत लावला तर लागेना. ब्लॉक कसं करायचं तेही मीच शिकवलेलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “अव्वा?” आई का? मी म्हटलं, “हौद्री.” तो हसला. “नम्म मन्यागू हंग ऐत्री,” म्हणाला. आमच्या घरीही असंच आहे. आणि ट्यूबवरची ती जागा काडीनं खूण करून घासायला लागला.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. जेवण झालं, तिनं डोकं पुसायला टॉवेल दिला, सगळं नेहमीसारखं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी छापखान्याचा माणूस. दुसऱ्यांचं नाव, गाव, कुलस्वामी, मामांचं नाव बरोबर छापलं गेलंय का हे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि स्वतःच्या आईपुढं मी मीच आहे हे मला सिद्ध करता आलं नाही. तेही साध्या एका झाडावरून.

धंदा असा की अनोळखी नंबर न उचलून मला चालत नाही. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ याच्याही खाली, बारीक टायपात छापखान्याचं नाव आणि माझा मोबाइल नंबर असतो. सीझनला पंधरा-वीस हजार पत्रिका गावोगाव जातात. म्हणजे माझा नंबर निपाणीपासून नंदगडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या देव्हाऱ्यापाशी, शोकेसमध्ये, फ्रिजवर चिकटवलेला आहे, आणि शेवटी रद्दीत. तिथून तो कुणाच्या हाती लागत असेल त्याची गणतीच नको. दिवसाला तीस फोन आले तर त्यातले वीस बिननावाचे. त्यातले पाच-सहा गिऱ्हाइकाचे, बाकी कर्ज घ्या, प्लॉट घ्या, शेअर घ्या. पण ते पाच-सहा कुठले हे उचलल्याशिवाय कळत नाही.

आणि उचलला तर पहिला शब्द कुठल्या भाषेत टाकायचा? पुण्या-सांगलीच्या माणसाला हा प्रश्न पडत नसणार. आमच्याकडं नंबर अनोळखी असला की माणसासकट भाषाही अनोळखी असते. बैलहोंगलचा गौडा असेल, उचगावचा पाटील असेल, कॅम्पातला मुसलमान मंडपवाला असेल, नाहीतर गोव्यातून आपल्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका ठरवणारा कोकणी माणूस. त्यामुळं आमच्याकडच्या मुरलेल्या दुकानदाराचं ‘हलो’ नीट ऐका. ते मराठीही नसतं, कानडीही नसतं. नदीत पाय घालण्याआधी माणूस काठीनं पाणी चाचपतो, तसं ते असतं. पलीकडून “हां, हेळ्री” आलं की आपण कानडीत शिरायचं, “हां, बोला की” आलं की मराठीत. चुकीच्या भाषेत पाय पडला तर गिऱ्हाईक जातंच असं नाही, पण एक बारीकसा खडा पडतो. ते आपले नव्हेत, असं दोन्ही बाजूंना क्षणभर वाटून जातं. सीमाभागात तो क्षण मोठा असतो.

पूर्वी नंबरच थोडंफार सांगायचा. ९४४८ नं सुरू झाला की बीएसएनएल कर्नाटक, ९४२२ आला की महाराष्ट्र. स्क्रीनवर ते चार आकडे बघितले की तोंडात त्या भाषेचा शब्द आपोआप तयार व्हायचा. २०११ च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली, २०१५ च्या जुलैपासून राज्य ओलांडूनही तोच नंबर चालायला लागला. सोय चांगलीच झाली, पण आमची ती आकड्यांवरून गाव ओळखायची कला वाया गेली. आता ९४२२ वाला माणूस हुबळीत राहून अस्खलित कानडी बोलतो आणि ९४४८ वाली मुलगी पुण्यातल्या कंपनीतून ‘सर, पत्रिकेची पीडीएफ’ असं म्हणते. त्याआधी रोमिंगचा जमाना होता तेव्हा तर सीमा खिशात घेऊन फिरायचो आम्ही. वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं बाची ओलांडून शिनोळीत शिरलं की खिशात फोन थरथरायचा: महाराष्ट्रात आपले स्वागत आहे. माझे सासरे म्हणायचे, “बघ, इतकी वर्षं भांडालोय, शेवटी स्वागत केलं ते टॉवरनं.” आलेला फोन उचलला तरी पैसे कापायचे, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी मी एक ९४२२ चं सिम दुसऱ्या डबड्या फोनात ठेवलं होतं. ते सिम अजून चालू आहे, आता एकाच फोनात दोन्ही.

त्या सिमवर दोन वर्षांमागं एक मेसेज आला. मागचं बिल भरलेलं नसल्यामुळं आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अमुक नंबरवर अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली महावितरणचं नाव. मी दुकानात बसून इतका हसलो की कंपोझिंगचा पोरगा उठून बघायला आला. अरे लेका, माझ्या घराचं बिल हेस्कॉमचं, म्हणजे कर्नाटकातल्या वीज कंपनीचं, छापखान्याचं बिल हेस्कॉमचं, छापील कागद कानडीत. महावितरणची वीज आमच्या घरी यावी म्हणून आमच्या तीन पिढ्या घोषणा देऊन दमल्या, ती आली असती तर तू तोडली असतीस ना! त्या भामट्यानं नंबरच्या मालिकेवरून मला महाराष्ट्रात धरलेलं. एवढ्यापुरता तो एकटाच माझ्या बाजूचा निघाला.

हसणं पुढं फार दिवस टिकलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोनं जीव दिला. फोनवरून पोलिस असल्याचं सांगून कुणीतरी त्यांना आठवडेच्या आठवडे धमकावत होतं, पैसे उकळत होतं. बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत संध्याकाळी कट्ट्यावर कुणी मोठ्यानं बोललं नाही. आईनं पेपर दोनदा वाचला, घडी करून गादीखाली ठेवला. मग मला विचारलं, “त्यांनी फोन ठेवला का न्हाई रे? ठेवायचा की सरळ.” मला सांगता येईना. फोन ठेवणं ही आपल्या पिढीला सोपी गोष्ट वाटते. आईच्या पिढीतलं माणूस समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी फोन ठेवत नाही. ते दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. आणि पलीकडं पोलिसाचा गणवेश, मागं साहेबाचा फोटो, हिंदीत दरडावणं. हिंदी म्हणजे सरकार, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या मनात कुठंतरी बसलेलं असतंच.

त्या रविवारी मी आईसाठी एक तक्ता छापला. छापखानाच घरचा, त्यामुळं तीनशे जीएसएमचा आर्ट पेपर, वर गणपती, बॉर्डर लग्नपत्रिकेची. मजकूर असा: १४० नं सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरात, उचलू नको. १६०० नं सुरू होणारा असला तर बँक किंवा सरकारी असू शकतो, पण त्यालाही ओटीपी द्यायचा नाही. ०८३१ म्हणजे आपल्या बेळगावचा लँडलाइन, उचलायला हरकत नाही. पुढं अधिकची खूण आणि ९१ सोडून दुसरा आकडा असला तर परदेशातला. आपलं परदेशात कोणी नाही. एकच रिंग देऊन तुटला तर उलट लावायचा नाही. स्टार, एकवीस, चारशे एक असलं काही दाबायला सांगितलं तर दाबायचं नाही, आपले फोन दुसरीकडं वळतात. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही. पोलिस व्हिडिओवरून अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. आणि शेवटी मोठ्या टायपात: माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तरी द्यायचे नाहीत, आवाजाचीही नक्कल करता येते. हा शेवटचा मुद्दा मी कुठंतरी वाचला होता, तक्त्यात जागा उरली होती म्हणून टाकला. छापखानेवाल्याला मोकळी जागा बघवत नाही.

तक्ता आईनं फ्रिजच्या बाजूला, दत्ताच्या कॅलेंडरशेजारी लावला आणि मग त्यात स्वतःची भर घातली. कानडीची भर माझी नव्हे. एक नोव्हेंबरला आमच्या घरात आई काळी साडी नेसते. १९५६ साली बेळगाव कानडी राज्यात घातलं तेव्हा ती पाळण्यात होती, पण सांगताना सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगते. रेशनच्या कचेरीत कागद मराठीत द्या म्हणून टेबलाशी तासभर उभी राहिलेली बाई ती. तिचं कानडी मंडईपुरतं: एष्टु, कडिमे माडि, बेडा. किती, कमी करा, नको. आणि तिनंच फोनवरच्या हिंदीला उत्तर म्हणून कानडी काढलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मराठीत बोललं की ती लोकं मराठी येणारं माणूस लावून देत्यात. हिंदीत बोललं की मी अडकते. कानडी ऐकलं की गप ठेवत्यात.” तिचा अनुभवच तसा होता. मला हसू आलं आणि मधेच कुठंतरी बरं वाटेनासं झालं. ज्या भाषेच्या आग्रहानं तिचं आयुष्य तापलं त्याच भाषेच्या आड ती आता उभी राहते, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटतं. पण मी तरी काय, दिवसभर गल्ल्यावर बसून “बर्री, कूत्कोळ्री”, या, बसा, करतच असतो. आमच्याकडं घोषणेची भाषा एक आणि पोटाची दुसरी असं म्हणणाऱ्यांचं मला पूर्ण पटत नाही. आईच्या फोनवर ती पोटाचीही नव्हती, नुसती आडणा होती. दाराचा आडणा.

फोनला घाबरणारी हीच बाई मी वेगळी बघितलेली आहे. नव्वदच्या दशकात मामाचा कॅम्पात एसटीडी बूथ होता. पिवळा बोर्ड, काचेचं खुराडं, आत लाल आकडे पळणारं मीटर, आणि दर फोननंतर कर्रकर्र करत बाहेर येणारी बिलाची पट्टी. कॉलेजात असताना संध्याकाळी मी तिथं बसायचो आणि आई मामासाठी डबा घेऊन आली की तीही तासभर टेकायची. रविवारी मराठा रेजिमेंटची रिक्रूट पोरं रांग लावायची. डोक्यावर खोबऱ्याएवढे केस, कानाच्या वरची कातडी उन्हानं जळलेली. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडची पोरं. घरी कुणाकडंच फोन नाही. नंबर गावातल्या दुकानाचा नाहीतर शाळेच्या मास्तरांच्या घरचा. मीटरकडं बघत, घामेजलेल्या मुठीत चिठ्ठी धरून ती सांगायची, “मास्तर, आमच्या आईला बोलावता का? पाच मिनिटांनी परत लावतो.” मग ती पाच मिनिटं बाकावर बसून काढायची. तिकडं कुणीतरी पोरगं शेतात पळत सुटलेलं असणार, कुणी आई धुणं टाकून, पदराला हात पुसत, धापा टाकत येणार. कुणाचा फोन, कुठून, नंबर काय, असलं काही तेव्हा नव्हतंच. सगळेच फोन बिननंबराचे. फोन आलाय एवढ्यावर माणसं पळायची.

रात्री उशिरा दर उतरायचा, तेव्हा दुसरी गर्दी. एकदा असाच एक पोरगा आत गेला आणि बोलेचना. मीटर पळतंय, तो रिसीव्हर कानाला लावून नुसता उभा. मामानं काचेवर टकटक केलं. आईनं मामाचा हात धरला. “आई रडत असंल तिकडं,” म्हणाली, “आवाज ऐकालाय. असू दे.” बिल झालं बावीस रुपये आणि काही पैसे. आईनं मामाला दहाच घ्यायला लावले. तो एकही शब्द न बोलता गेलेला पोरगा मला त्या पंक्चरच्या टपरीत आठवला नाही, नंतर घरी अंथरुणावर पडल्यावर आठवला.

आमच्या स्वतःच्या घरी फोन आला तेव्हा आई उचलल्या उचलल्या आपला नंबर सांगायची, आणि मग “कोण बोलालाय?” उचलणाऱ्यानं आधी स्वतःची ओळख द्यायची ही त्या काळची रीत. आपण कोण ते सांगितल्याशिवाय तू कोण हे विचारायचं कसं? आता ती रीत मीच मोडून काढली. आता तिला सांगतो, नाव सांगू नको, ‘हो’सुद्धा म्हणू नको, गप्प बस.

ओळख सांगायला आता ॲप आहेत. माझ्या फोनात ट्रूकॉलर आहे, २००९ साली स्वीडनमध्ये सुरू झालेलं. त्याला नाव कळतं ते मुख्यतः लोकांच्याच फोनबुकांतून आणि लोकांनीच मारलेल्या शिक्क्यांवरून. म्हणजे माणूस कोण आहे हे तो सांगत नाही, लोक त्याला काय म्हणतात ते सांगतो. एकदा एका गिऱ्हाइकाला मी समोर बसूनच फोन लावला, बाजूच्या खोलीतल्या चार्जरवरचा त्याचा फोन सापडावा म्हणून. त्याचा पोरगा फोन हातात घेऊन आला. स्क्रीनवर माझं नाव: ‘पत्रिका रेट जादा’. तिघांनीही बघितलं. गिऱ्हाईक कानाच्या पाळीपर्यंत लाल. मी शंभराला पन्नास रुपये कमी केले, दुसरं काय करणार. आईचं तर आणखी पुढचं. तिचा नंबर घेतला तेव्हा तो आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता. बंद पडलेला नंबर कंपन्या नव्वद दिवस पडून ठेवतात आणि मग नव्या माणसाला देतात. आधीचा मालक बहुतेक कर्जाचे हप्ते वसूल करणारा होता. सुरुवातीला आईला शिव्या देणारे फोन यायचे, ‘हप्ता भरलाय, परत का फोन करता’ म्हणून. आणि ती कुणाला फोन करायला गेली की समोरच्याच्या स्क्रीनवर लाल रंग, खाली ‘लोन रिकव्हरी’. निपाणीच्या आत्यानं सहा महिने तिचा फोन उचलला नव्हता. दोघी एकमेकींवर रुसून होत्या. आकड्यानं माणूस ओळखायचं म्हटलं की असं.

आणि आकडा चुकला तर काय होतं तेही मी भोगलंय. २०१८ च्या सीझनला एका पत्रिकेत वधूपित्याच्या नंबरातला शेवटून दुसरा आकडा माझ्याकडून चुकला. प्रूफ तपासताना मी नावं तपासली, मुहूर्त तपासला, आकडा कोण बघतो. धारवाडकडचा कुणी माणूस, त्याला आठ दिवस फोन: हॉल कुठला, बस कुठून, आहेर स्वीकारता का. शेवटी त्यानं पत्रिकेचा फोटो मागवून घेतला, तळाचा माझा नंबर काढला आणि मला कानडीत असा धुतला की मी उभा राहून ऐकलं. पाच मिनिटं झाल्यावर थांबला आणि विचारलं, “मदुवी यावागऱी?” लग्न कधी आहे? त्यालाही इतक्या लोकांना खोटं सांगवत नव्हतं बहुतेक. माझ्याकडून सगळी माहिती लिहून घेतली आणि उरलेले चार दिवस लोकांना बरोबर पत्ता सांगत बसला.

सकाळी आई तुळशीला पाणी घालत होती तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, माझा आवाज तुला ओळखू आला नाही? ती पाठमोरीच होती. “आला की,” म्हणाली. “तुझाच आवाज होता. म्हणून तर भ्याले.”

मी गप्प बसलो. तक्त्याच्या शेवटच्या ओळीचा टाइप मीच मोठा केला होता.

“आणि झाड तर तुला येतंयच म्हणून विचारलं,” ती पुढं म्हणाली. “रामफळाचं झाड. तुझा बाबा त्याच्या बुडाशी आंघोळ करायचा. पेरू कुठला?” आता मला वडगावच्या त्या परड्यातला पेरू स्वच्छ आठवतो. खालच्या फांदीची साल गुळगुळीत झालेली, आम्ही चढून चढून. आत लाल असणारे पेरू. मी पुण्याला बहिणीला फोन लावला, आईच्या फोनवरून, माझा तांदळाच्या डब्यात वाळत पडलेला. बहीण म्हणाली पेरूच, पण फांदी आपल्या बाजूला होती, बुंधा शेजारच्यांच्या. मग आत्याला लावला. ती म्हणाली, कसलं रामफळ न् कसला पेरू, तिथं डाळिंब होतं, मी लग्न होऊन गेले तेव्हा वहिनीनं तोडायला लावलं. आईनं हातातनं फोन घेतला आणि मग डाळिंबावरून त्या दोघींचं अर्धा तास चाललं. त्या जागेवर आता तीन मजली इमारत आहे, खाली यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. विचारायचं कुणाला?

दुपारी मी त्या पंक्चरवाल्याचा नंबर आईच्या ब्लॉक यादीतून काढला आणि आभार मानायला म्हणून तिच्याच फोनवरून लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. संध्याकाळी परत लावला, कापला. मला त्याच्या स्क्रीनवरचा लाल रंग दिसत होता. आई म्हणाली, राहू दे, पावसात लई त्रास नको देऊ. पण नंबर तिनं आपल्या वहीत उतरवून घेतला, दूधवाला आणि गॅस एजन्सीच्या खाली. नावाच्या जागी लिहिलं: ‘यमकनमर्डी, चाक’.

चौथ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर ती तांदूळ निवडत बसली होती, मी समोर प्रूफं बघत. तिचा फोन वाजला. तिनं चष्मा सारखा केला, स्क्रीन बघितली, नाव नव्हतं. वही उघडली, बोटानं आकडे जुळवत खाली खाली गेली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि हिरवं दाबून फोन कानाला लावला. बोलली नाही. तिकडूनही कुणी बोलेना. बराच वेळ तसाच गेला. परातीतल्या तांदळात तिचं बोट थांबलेलं, फोनमधून महामार्गावरचा एक ट्रक लांब जाताना ऐकू आला.

मग आईच म्हणाली, “हेळ्री.”